नकाशावरचा कोरा भाग: महामार्गांच्या पर्यावरण आढाव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डिजिटल साधनांचे परीक्षण

एका दुपदरी रस्त्याचे चौपदरीकरण प्रस्तावित होते आणि त्याच्या कडेचे एक शेत टॅबलेटवरच्या नकाशात संपूर्ण कोरे दिसत होते. पाणथळ जागा दाखवणारा रंग जवळच्या ओढ्यापाशीच थांबला होता आणि शेताच्या एका कोपऱ्यातून नव्या मार्गिकांची आखणी सरळ पुढे जात होती. त्या कोपऱ्यात पोहोचल्यावर मात्र बुटाखालची जमीन दबू लागली आणि गवताच्या जागी लव्हाळा दिसू लागला. हाताने फिरवायचे मातीचे गिरमिट फूटभर खाली घातले, तेव्हा वर आलेली माती राखाडी होती, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके होते आणि तिला कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता. वर्षातील बराच काळ पाण्याने भरलेली आणि त्यामुळे प्राणवायू न मिळालेली माती अशीच असते. त्या दिवशी नकाशा चुकला होता असे मी म्हणणार नाही, कारण तिथे पाणथळ नाही असे त्याने म्हटलेच नव्हते. त्याने काहीच म्हटले नव्हते आणि आम्ही त्या न बोलण्याचा अर्थ ‘नाही’ असा लावला होता.

अमेरिकेतील महामार्ग प्रकल्पांच्या पर्यावरण आढाव्याच्या कामात मी ही साधने रोज वापरते आणि त्या दिवसापासून प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारते: ‘पाहिले, काही आढळले नाही’ आणि ‘कोणी पाहिलेच नाही’ या दोन गोष्टींतला फरक हे साधन मला दाखवते का? पुढील परीक्षण याच प्रश्नाच्या आधाराने केले आहे. वेग, दिसणे आणि वापरण्याची सोय यांचा उल्लेख येईल, पण या कामात साधनाची योग्यता माझ्या मते या एका फरकावरच ठरते.

एरवी या साधनांची चर्चा वेगापासून सुरू होते आणि त्याला कारण आहे. संघराज्य खात्यांना निर्णयाआधी पर्यावरणावरील परिणाम अभ्यासायला लावणारा, ‘नेपा’ या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी लागू झाला. पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, कौन्सिल ऑन एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी या संघराज्य संस्थेने हिशेब मांडला तेव्हा सविस्तर परिणाम अहवाल पूर्ण होण्यास सर्व खात्यांमध्ये मिळून सरासरी साडेचार वर्षे लागत असल्याचे आणि अंतिम अहवाल सरासरी ६६१ पानांचा होत असल्याचे दिसले. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अशा अहवालाला दोन वर्षांची मुदत आणि १५० पानांची मर्यादा घालण्यात आली. विलक्षण गुंतागुंतीच्या प्रकल्पांना ३०० पानांची मुभा आहे. मे २०२५ मध्ये त्याच संस्थेने परवाने आणि आढावे यांच्या प्रक्रियेसाठी तंत्रज्ञानाचा कृती आराखडा जाहीर केला. पाने कमी करायची आणि मुदतही पाळायची, तर अभ्यासाचा मोठा भाग नकाशे आणि डेटाबेस यांच्यावर जाणार हे उघड आहे. त्यामुळे नकाशा जिथे गप्प आहे तिथे त्याचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे.

नकाशे एकावर एक ठेवून रस्त्याची आखणी ठरवण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इयान मॅकहार्ग या भूदृश्य रचनाकाराने न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील रिचमंड पार्कवेसाठी पारदर्शक कागदांवर एकेक मूल्य रंगवले: पुराचा धोका, जंगल, वन्यजीव, ऐतिहासिक वास्तू, वस्ती. जिथे मूल्य जास्त तिथे रंग गडद ठेवला. सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की जिथून सर्वाधिक प्रकाश आरपार येईल, ती रस्त्यासाठी सर्वांत कमी नुकसानीची वाट. आजच्या भौगोलिक माहिती प्रणालींतील थर हे त्याच कागदांचे वंशज आहेत. या पद्धतीचे मोठेपण मला मान्य आहे, पण तिचा एक परिणाम नीट ध्यानात घ्यायला हवा: या पद्धतीत रस्ता नेहमी फिकट भागाकडे ओढला जातो. एखादा भाग तिथे खरोखर काही नाही म्हणून फिकट असेल, किंवा तिथे कोणी कधी गेलेच नाही म्हणून असेल; रस्ता दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने जातो.

सर्वांत आधी ‘आयपॅक’. हे अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचे संकेतस्थळ असून संरक्षित प्रजातींच्या प्राथमिक चौकशीसाठी ते वापरले जाते. प्रकल्पाची हद्द नकाशावर काढायची किंवा तयार फाइल चढवायची; काही मिनिटांत त्या हद्दीत असू शकणाऱ्या संरक्षित प्रजातींची अधिकृत यादी हाती येते. पूर्वी यासाठी पत्र लिहून उत्तराची वाट पाहावी लागे. यादीत ‘असू शकतात’ ही भाषा जपून वापरलेली आहे, कारण ती मुख्यतः प्रजातींच्या ज्ञात पल्ल्यावरून तयार होते, प्रत्यक्ष दिसल्याच्या नोंदींवरून नव्हे. परिणामी यादी लांब होते आणि अभियंते तक्रार करतात, पण चूक व्हायचीच असेल तर ती जास्त नावे देण्याच्या बाजूने व्हावी हेच योग्य आहे. नव्वद दिवसांनंतर यादी पुन्हा तपासून घ्यावी, असेही ती स्वतःच सांगते. माहितीलाही मुदत असते हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी साधने थोडी आहेत.

आयपॅकमधील ज्या भागाचे मला मनापासून कौतुक करायचे आहे, तो बहुतेकजण न पाहताच पुढे जातात. स्थलांतरित पक्ष्यांच्या विभागात प्रत्येक पक्ष्यापुढे वर्षभराची आडवी पट्टी असते आणि प्रत्येक महिन्याचे चार आठवडे पाडलेले असतात. हिरव्या दांड्याची उंची त्या आठवड्यात पक्षी दिसण्याची शक्यता सांगते आणि पिवळा पट्टा विणीचा हंगाम दाखवतो. दांड्यावर एक बारीक काळी उभी रेघ असते. ती त्या आठवड्यात किती निरीक्षणे झाली याचे माप देते. ज्या आठवड्यात निरीक्षणच झालेले नाही तिथे दांडा शून्य उंचीचा न दाखवता वेगळी आडवी खूण केलेली असते: माहिती नाही. एवढ्याशा खुणेने कामाचे स्वरूप बदलते. पुलाखालच्या घरट्यांचा प्रश्न असेल आणि एप्रिलमध्ये अशी खूण दिसली, तर ‘पक्षी नाहीत’ असे लिहिता येत नाही. कोणालातरी दुर्बीण घेऊन जावे लागते. मी तपासलेल्या साधनांत माझ्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर फार थोड्या ठिकाणी मिळाले.

याच संकेतस्थळावर प्रश्नावलीच्या रूपातील निर्णय-कुंज्या आहेत. इंडियाना वटवाघूळ आणि उत्तरेकडील लांब कानांचे वटवाघूळ यांच्यासाठी महामार्ग, रेल्वे आणि सार्वजनिक वाहतूक यांच्या संघराज्य प्रशासनांनी वन्यजीव सेवेबरोबर एकत्रित सल्लामसलत केलेली असून तिची कुंजी इथेच भरता येते. झाडे कोणत्या ऋतूत तोडणार, ती अस्तित्वातील रस्त्यापासून १०० फुटांच्या आत आहेत की पलीकडे, पुलाच्या खाचांमध्ये वटवाघळांच्या खुणा पाहिल्या का, असे प्रश्न एकामागून एक येतात. शेवटी मिळणाऱ्या पत्रात प्रत्येक प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर जसेच्या तसे छापलेले असते, त्यामुळे उत्तर कोणत्या आधारावर निघाले हे दहा वर्षांनीही तपासता येते. उणीव एवढीच, की पूल तपासणारा माणूस खाली उतरला होता की वरून डोकावून गेला, हे कुंजीला कळत नाही. लांब कानांच्या वटवाघळाची वर्गवारी २०१५ मध्ये ‘धोक्याच्या छायेत’ अशी होती आणि २०२२ च्या निर्णयाने ती ‘संकटग्रस्त’ झाली. अशा जीवाच्या बाबतीत त्या दोन तपासण्यांतला फरक क्षुल्लक मानता येत नाही.

पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ‘नेपाअसिस्ट’वर मी याहून कमी विसंबते. हद्द काढली की ते एक तक्ता देते: प्रदूषित प्रवाह जवळ आहे का, घातक कचऱ्याची नोंद असलेली जागा आहे का, शाळा आहे का, रुग्णालय आहे का. प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. प्राथमिक चाळणी म्हणून हे साधन सोयीचे आहे आणि नवशिक्याला कोणकोणत्या गोष्टी पाहायच्या याची उजळणी घडवते. पण इथल्या ‘नाही’चा खरा अर्थ ‘आमच्याकडच्या थरात नोंद नाही’ असा आहे, आणि तक्ता तसाच्या तसा अहवालाच्या परिशिष्टात गेला की वाचणाऱ्याला तो शोधाचा निष्कर्ष वाटतो.

आता त्या शेताच्या कोपऱ्याकडे वळते. पाणथळ जागांचा राष्ट्रीय थर हा मुख्यतः हवाई छायाचित्रांचा अर्थ लावून तयार झालेला आहे आणि काही भागांसाठी ती छायाचित्रे कित्येक दशकांपूर्वीची आहेत. लहान, दाट झाडीखाली दडलेल्या आणि नांगराखाली आलेल्या पाणथळ जागा त्यातून अनेकदा सुटतात. हा दोष लपवलेला नाही; थर तयार करणारी वन्यजीव सेवा प्रत्यक्ष पाहणीची गरज स्पष्टपणे सांगते. अडचण मांडणीची आहे. रंगवलेल्या जागेवर क्लिक केले की तिचा प्रकार कळतो, पण कोऱ्या भागावर क्लिक केले तर काही उघडत नाही. तो भाग कोणत्या वर्षीच्या छायाचित्रावरून पाहिला गेला हे जाणून घ्यायचे तर नकाशा-प्रकल्पांच्या माहितीचा वेगळा थर सुरू करावा लागतो, आणि तो थर आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. माझी सूचना अशी आहे की हा थर मूळ नकाशाबरोबर आपोआप सुरू व्हावा.

ही उणीव काही अंशी भरून काढायला ‘क्यूजीआयएस’ ही संगणकावर नकाशे हाताळण्याची प्रणाली आणि मोफत उपग्रह प्रतिमा उपयोगी पडतात. क्यूजीआयएसची सुरुवात गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली. ती मुक्त स्रोत प्रणाली असल्याने सल्लागार, सरकारी कार्यालय आणि हरकत घेणारा गावकरी हे तिघेही तीच फाइल उघडू शकतात, आणि आढाव्याच्या कामात या समानतेला मी फार महत्त्व देते. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या जोडीच्या प्रतिमांमध्ये एक चौकट (पिक्सेल) जमिनीवर दहा मीटरची असते आणि तीच जागा साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपली जाते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि २००८ पासून विनामूल्य मिळतात. त्या शेताहून परतल्यावर मी अवरक्त पट्ट्यातील प्रतिमा महिन्यांच्या क्रमाने लावून पाहिल्या. ऑगस्टमध्ये तो कोपरा उरलेल्या शेतापासून वेगळा ओळखता येत नव्हता, पण एप्रिलमध्ये तो काळपट होऊन स्पष्ट उठून दिसत होता, सलग तीन वर्षे. म्हणजे पाणी दिसण्याजोगे होते. आम्ही चुकीच्या महिन्याचे छायाचित्र पार्श्वभूमीला लावून बसलो होतो. तेव्हापासून कोणत्याही आखणीसाठी मी किमान चार ऋतूंच्या प्रतिमा पाहते, आणि कार्यालयातल्या नव्या सहकाऱ्यांनाही हीच सवय लावते.

वन्य प्राण्यांच्या हालचालींबाबत कोरा भाग सर्वांत फसवा ठरतो. रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणाली आता बऱ्याच आहेत. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठाचे रस्ता-परिसंस्था केंद्र अशी एक प्रणाली चालवते आणि तिच्यात नागरिकही नोंदी घालतात. जिथे ठिपके दाट तिथे प्राण्यांसाठी मार्ग बांधावा, हा पहिला विचार चुकीचा नाही. मात्र काही महामार्ग इतके रुंद आणि गर्दीचे असतात की प्राणी त्यांच्यावर पाऊलच ठेवत नाहीत. तिथे मृत्यू कमी नोंदले जातात आणि नकाशा निर्धास्त वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या प्राण्यांचा एकमेकांशी संबंध तुटलेला असतो. सांता मोनिका पर्वतरांगांत राष्ट्रीय उद्यान सेवा २००२ पासून पहाडी सिंहांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग ठेवत आहे. असा माग नकाशावर उतरला की टिंबांची माळ महामार्गाच्या कडेपर्यंत येते, कडेकडेने जाते आणि मागे फिरते. अगोरा हिल्स येथे यूएस-१०१ च्या दहा मार्गिकांवरून जाणाऱ्या वॉलिस ॲननबर्ग वन्यजीव पुलाचे काम एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले, त्यामागे अशा वीस वर्षांच्या नोंदी उभ्या होत्या. प्राण्यांच्या वाटांचा अंदाज बांधणारे ‘सर्किटस्केप’ हे साधनही मला आवडते. भूप्रदेश म्हणजे विजेचे मंडळ आणि अडथळे म्हणजे रोध, या कल्पनेवर ते चालते, त्यामुळे एकाच सोप्या वाटेऐवजी सगळ्या शक्य वाटा एकदम दिसतात. पण त्यातले रोधाचे आकडे वापरणाऱ्यानेच भरायचे असतात. गळपट्ट्यांच्या किंवा छुप्या कॅमेऱ्यांच्या नोंदींशी ताळा न घालता काढलेला त्याचा रंगीत नकाशा मी अहवालात घेऊ देत नाही.

आवाजाच्या अंदाजासाठी संघराज्य महामार्ग प्रशासनाचे ‘टीएनएम’ हे प्रारूप वापरले जाते. त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. वाहनांची संख्या, वेग, अवजड वाहनांचे प्रमाण, जमिनीचा उतार आणि मधल्या भिंती यांवरून घरापाशी किती डेसिबल आवाज पोहोचेल हे ते काढते. निवासी भागासाठी नियमातील मर्यादा तासाच्या सरासरीने ६७ डेसिबल आहे आणि तिच्या जवळ पोहोचणाऱ्या घरांसाठी ध्वनिरोधक भिंतीचा विचार करावा लागतो. गणिताच्या दृष्टीने हे विश्वासार्ह साधन आहे आणि प्रत्यक्ष मोजणीशी त्याचा ताळा घालण्याची रीतही प्रस्थापित आहे. माझा आक्षेप निकाल लोकांपुढे मांडण्याच्या पद्धतीवर आहे. एका सार्वजनिक सुनावणीत मोठ्या पडद्यावर परस्परसंवादी नकाशा लावला होता. एक वृद्ध बाई पुढे आल्या, त्यांनी आपले घर शोधले आणि घरावर बोट ठेवले. शेजारच्या घरावर आकडा असलेला ठिपका होता, त्यांच्या घरावर नव्हता. “म्हणजे माझ्याकडे आवाज येणारच नाही का?” असे त्यांनी अगदी सरळपणे विचारले. प्रारूपात एक ठिपका आसपासच्या चार-पाच घरांचा प्रतिनिधी असतो, हे सांगायला नकाशावर एक ओळही नव्हती. त्या बाईंना समजावून सांगताना मला वाईट वाटले, कारण त्यांचा प्रश्न बरोबर होता. पुढच्या सुनावणीत आम्ही प्रत्येक ठिपक्याभोवती तो कोणकोणत्या घरांच्या वतीने आहे ते दाखवणारी रेषा काढली. तासाभराचे काम होते.

ज्या साधनाची मी सर्वांना ओळख करून देते ते मात्र पुरातत्त्वाचे आहे आणि बरेच जुने आहे. मिनेसोटाच्या परिवहन विभागाने १९९० च्या दशकात ‘एमएन मॉडेल’ हे राज्यव्यापी प्रारूप तयार करवून घेतले. जमिनीखाली प्राचीन वस्तीचे अवशेष असण्याची शक्यता कुठे किती आहे हे पाण्यापासूनचे अंतर, उतार आणि भूरूप यांवरून वर्तवायचे, हा त्याचा उद्देश. असे अंदाज इतर ठिकाणीही बांधले जातात. ते बांधणाऱ्यांना एक गोष्ट नेहमी छळते: ज्ञात स्थळे तिथेच सापडलेली असतात जिथे कोणी शोधले होते, आणि शोध बहुधा जुन्या रस्त्यांच्या आणि तलावांच्या काठी झालेला असतो. एमएन मॉडेलच्या कर्त्यांनी यावर प्रामाणिक उपाय केला. आधी कोणता भाग पुरेसा तपासलेला आहे याचेच एक वेगळे प्रारूप त्यांनी बांधले आणि दोन्ही एकत्र करून जो नकाशा काढला त्यात कमी, मध्यम आणि जास्त शक्यता यांच्या जोडीला ‘अज्ञात’ अशी स्वतंत्र वर्गवारी ठेवली. आखणी करणाऱ्या अभियंत्याला ‘कमी’ आणि ‘अज्ञात’ हे दोन वेगळे रंग दिसतात आणि दोहोंसाठी वेगळी कृती करावी लागते. जवळपास तीस वर्षांपूर्वी जे जमले ते आजच्या चकचकीत संकेतस्थळांत का नसावे, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. पुरातत्त्वाच्या नकाशांत आणखी एक प्रकारचा कोरा भाग असतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो: लूट होऊ नये म्हणून स्थळांची नेमकी जागा जाहीर न करण्याची तरतूद कायद्यात आहे. ती योग्यच आहे, पण इथे माहिती राखून ठेवलेली असू शकते एवढे तरी सार्वजनिक नकाशाने सांगावे.

फ्लोरिडाच्या परिवहन विभागाची ‘पर्यावरण चाळणी’ प्रणाली वेगळ्या कारणासाठी उल्लेखनीय आहे. प्रकल्प अजून कागदावर असतानाच वेगवेगळ्या खात्यांचे तज्ज्ञ एकाच नकाशावर आपापली मते नोंदवतात आणि प्रत्येक विषयासाठी परिणामाची श्रेणी देतात. नकाशाचे शेकडो थर गेनेसव्हिल येथील फ्लोरिडा विद्यापीठाच्या जिओप्लॅन केंद्रात सांभाळले जातात. मला यात मोलाचे वाटते ते असे, की थराच्या शेजारी त्या भागात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे मत खात्याच्या नावासह आणि तारखेसह उभे राहते. नकाशा कोरा असला तरी तिथे कधी गेलेला माणूस दोन ओळी लिहू शकतो. आणि ज्या टप्प्यावर आखणी शंभर फूट सरकवायला फक्त पेन्सिल लागते, त्या टप्प्यावर तो लिहितो.

आता एक वेगळ्याच प्रकारचा कोरा भाग. वस्तीचे उत्पन्न, वंश, प्रदूषणाचा भार यांची एकत्रित माहिती देणारे ‘ईजेस्क्रीन’ हे संघराज्याचे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृत संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले. बाहेरच्या स्वयंसेवी गटांनी त्याची प्रत जतन करून पुन्हा उपलब्ध केली, म्हणून ते आज वापरता तरी येते. धोरणाच्या वादात मी इथे जाणार नाही, पण साधन म्हणून विचार करता ज्या अहवालांनी केवळ त्याचा दुवा दिला होता त्यांचा आधारच नाहीसा झाला, आणि ज्यांनी त्या दिवशीचे आकडे उतरवून परिशिष्टात ठेवले होते ते अहवाल तसेच उभे राहिले.

भाषा-प्रारूपांवर, म्हणजे मजकूर वाचून नवा मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, आधारित नवी साधने आता दारात आली आहेत. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने जुन्या हजारो पर्यावरण दस्तऐवजांचा मजकूर यंत्राला वाचता येईल अशा रूपात एकत्र केला आहे, आणि त्याचा उपयोग मला खराखुरा वाटतो. त्याच खोऱ्यात वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या रस्त्यासाठी केलेली पाहणी एरवी कपाटात पडून राहते. ती सापडली तर कोऱ्या नकाशावर एक खरी नोंद वाढते. हरकती आणि सूचनांची विषयवार छाननी करायलाही ही साधने मदत करतात. परंतु मसुदा लिहून घेण्याच्या बाबतीत मी फार सावध आहे. अशा प्रारूपाला रिकामी जागा सहन होत नाही. माहिती नसलेल्या ठिकाणीही ते सफाईदार वाक्य लिहून देते. ‘या क्षेत्रात संरक्षित प्रजाती आढळलेल्या नाहीत’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असते आणि वाचणाऱ्याला खटकत नाही, कारण शेकडो जुन्या अहवालांत तेच वाक्य आहे. मात्र कोण गेले होते, कोणत्या महिन्यात, किती तास, हे त्या वाक्यात नसते. आमच्या गटात म्हणूनच नियम केला आहे की नकारार्थी निष्कर्ष असलेले एकही वाक्य यंत्राच्या मसुद्यातून घ्यायचे नाही.

क्षेत्रभेटीसाठी मी क्यूजीआयएसवर आधारलेले, फोन-टॅबलेटवर चालणारे ‘क्यूफील्ड’ वापरते. दाट झाडीखाली जागेची अचूकता काही मीटरने ढळते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, या दोन अडचणी धरूनच निघावे लागते. याचा सर्वांत चांगला उपयोग सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्यात आहे असे समजले जाते; माझ्या मते तो चाललेल्या वाटेची नोंद ठेवण्यात आहे. पायांखालून गेलेली प्रत्येक ओळ वेळेसह साठवली की, जिथे काही आढळले नाही त्या जागेलाही नकाशावर रंग मिळतो आणि पुढच्या माणसाला तिथे कोणी, केव्हा पाहिले होते ते कळते.

शेवटी, कोणाला काय घ्यावे हे सांगते. मोठे परिणाम अहवाल गाजतात, पण सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने दिलेल्या आकड्यांनुसार २००९ मध्ये संघराज्य महामार्ग प्रशासनाच्या प्रकल्पांपैकी सुमारे ९६ टक्के प्रकल्प सविस्तर अभ्यासातून सूट मिळणाऱ्या वर्गात होते आणि पूर्ण परिणाम अहवाल लागणारे सुमारे एक टक्काच. मोरी बदलणे, वळण सरळ करणे, पुलाची दुरुस्ती अशा या लहान कामांना वेळ आणि पैसा थोडाच मिळतो. त्यांच्यासाठी माझी शिफारस आयपॅकची यादी आणि पक्ष्यांची पट्टी, ओल्या महिन्यातील एक उपग्रह प्रतिमा आणि वाट नोंदवत केलेली एक पायी फेरी, एवढीच आहे. नेपाअसिस्टचा तक्ता जोडायचा असेल तर त्यातील प्रत्येक ‘नाही’पुढे थराचे वर्ष हाताने लिहावे. आणि वापरलेल्या प्रत्येक थराची प्रत त्याच दिवशी, तारीख घालून, प्रकल्पाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावी.